कानापुढची नाडी : मोयामोया आजाराच्या एका मुलीचे प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातली नऊ वर्षांची मुलगी आमच्या बालमेंदूविकार विभागात दाखल झाली, तेव्हा तिच्या आईच्या पिशवीत अकरा महिन्यांची कागदपत्रे होती आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येक कागदावर ‘फिट’ हा एकच शब्द लिहिलेला होता. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील मी बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासण्यांचे अर्थ आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे मांडत आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर मेंदूची चित्रे कशी वाचावीत, हा प्रश्न या प्रकरणात वारंवार आणि फार तीव्रतेने उभा राहिला.

तिचा त्रास असा होता : मध्येच उजव्या हातातली वस्तू गळून पडायची, तोंडातले शब्द अडायचे, पाच-दहा मिनिटांनी सगळे पूर्ववत व्हायचे. दोन वेळा हेच डाव्या हाताला झाले होते. शुद्ध कधीच हरपली नव्हती, हातापायांना झटके कधीच आले नव्हते. तरीही आकडीवरचे औषध सुरू झाले होते आणि त्याचा डोस दोनदा वाढवला गेला होता. पूर्वी एका ठिकाणी ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींची नोंद काढताना तिला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला सांगितले होते. त्यानंतर काही वेळात तिचा हात पुन्हा लुळा पडला, पण त्या नोंदीत ‘तपासणीदरम्यान झटका’ एवढेच लिहिलेले होते.

आम्हाला दिशा दाखवली ती मुलीच्या आजीने. मी आईला झटक्यांच्या वेळा विचारत होते, तेव्हा आजी मध्येच म्हणाली, ‘‘मॅडम, चुलीपाशी फुंकणी घेतली की हिचा हात गळतोय. रडली तरी तसंच. जत्रेत पिपाणी घेऊन दिली, ती वाजवली आन् बोलायचीच बंद झाली.’’ फुंकणी, रडणे, पिपाणी आणि ईईजीच्या वेळचा जोरकस श्वास या चारही प्रसंगांत एकच गोष्ट समान आहे. भराभर आणि खोल श्वासोच्छ्वास झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब एक मिलिमीटर पाऱ्याने उतरला, तर मेंदूचा रक्तप्रवाह साधारण २ ते ४ टक्क्यांनी घटतो. निरोगी मुलाला त्याने किंचित गरगरते, इतकेच. ज्या मुलाच्या मेंदूला आधीच जेमतेम रक्त पोहोचते आहे, त्याचा मात्र हात गळतो. मुलांमध्ये अशी तात्पुरती लुळेपणाची लक्षणे फुंकण्याने किंवा रडण्याने येत असतील, तर मेंदूच्या मुख्य धमन्या हळूहळू बंद करणाऱ्या मोयामोया आजाराचा विचार झालाच पाहिजे. आजीचे हे निरीक्षण अकरा महिन्यांत कोणीही विचारून घेतले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

निदान मात्र त्याआधीच एका वेगळ्या आणि कठोर वाटेने दारात येऊन उभे होते. दाखल होण्याच्या दोन दिवस आधी मुलगी सकाळी उठली तेव्हा उजवा हात उचलत नव्हता आणि या वेळी तो पाच मिनिटांनी पूर्ववत झाला नाही. तालुक्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन झाला आणि तिथून तिला आमच्याकडे पाठवण्यात आले.

पहिली चित्रे

एमआरआयमधील डिफ्यूजन या तंत्रात पेशीभोवतीच्या पाण्याची हालचाल मोजली जाते. रक्तपुरवठा तुटून पेशी मरू लागल्या की ते पाणी अडकून बसते आणि तो भाग काही मिनिटांपासून काही तासांत पांढरा दिसू लागतो. या मुलीच्या डाव्या मेंदूत पुढची आणि मधली अशा दोन धमन्यांच्या सीमेवरचा पट्टा पांढरा दिसत होता. शेताच्या टोकाला पाटाचे पाणी शेवटी पोहोचते आणि पाणी कमी पडले की तेच टोक आधी वाळते, तसा हा सीमेवरचा पट्टा असतो. उजव्या बाजूलाही पुढच्या भागात एक लहान, जुना डाग होता. म्हणजे डाव्या हाताचे ते दोन प्रसंग निर्धोक गेले नव्हते.

इतर चित्रांत तीन गोष्टी दिसल्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या गाभ्यात बारीक काळे ठिपके होते. ते ठिपके म्हणजे तिथे नव्याने फुटलेल्या केसासारख्या रक्तवाहिन्या. फ्लेअर या चित्रात मेंदूच्या घड्यांमधून वेलीसारख्या पांढऱ्या रेषा पसरलेल्या होत्या. मेंदूच्या पृष्ठभागावरील वाहिन्या फुगून त्यांतून रक्त अगदी सावकाश वाहू लागले की अशा रेषा दिसतात. एमआर अँजिओमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या एमआरआय चित्रात, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही आतल्या कॅरोटिड धमन्या कवटीत शिरून जिथे दुभंगतात, तिथेच निमुळत्या होऊन जवळजवळ संपल्या होत्या.

या आजाराचे पहिले वर्णन जपानमध्ये १९५७ साली झाले आणि नाव मिळाले ते १९६९ साली, सेंदाई शहरातील तोहोकू विद्यापीठाच्या सुझुकी आणि ताकाकू यांच्या निबंधातून. अँजिओच्या चित्रात त्या बारीक वाहिन्यांचे जाळे सिगारेटच्या धुराच्या लोटासारखे धूसर दिसते आणि अशा धूसरपणाला जपानी भाषेत ‘मोयामोया’ म्हणतात. मुख्य धमनी हळूहळू बंद होत जाते आणि मेंदू जगण्यासाठी मिळेल त्या फटीतून नव्या वाहिन्या काढतो. धूर दिसतो तो या धडपडीचा, मूळ रोग त्याच्या वर, धमनीच्या टोकाला असतो. आजार जपान आणि कोरियात तुलनेने जास्त आढळतो. तेथील बहुसंख्य रुग्णांमध्ये आरएनएफ २१३ या जनुकातील एक ठरावीक बदल सापडतो, जो भारतीय रुग्णांमध्ये फारसा दिसत नाही. मुलांमध्ये पाच ते दहा वर्षांच्या वयात आणि प्रौढांमध्ये चाळिशीच्या सुमारास त्याचे प्रमाण वाढलेले दिसते, आणि मुलींमध्ये ते मुलांच्या जवळपास दुप्पट असते.

मात्र धमन्यांचे असेच चित्र इतर कारणांनीही तयार होऊ शकते आणि आपल्याकडे ती कारणे आधी तपासणे भाग आहे. क्षयरोगाच्या मेंदूज्वराने तळाच्या धमन्या सुजून अरुंद होतात. सिकलसेलच्या रुग्णांत अगदी मोयामोयासारखेच जाळे तयार होते, आणि विदर्भ व नंदुरबार भागातून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ही तपासणी कधीच टाळू नये. त्वचेवरचे कॉफीच्या रंगाचे डाग, डाऊन सिंड्रोम, पूर्वी डोक्याला दिलेला किरणोपचार, हेही पाहावे लागते. आमच्या मुलीत यांपैकी काहीच आढळले नाही.

त्यानंतर मांडीतील धमनीतून नळी घालून केलेली अँजिओग्राफी झाली. मुलांमध्ये ती भूल देऊनच करावी लागते आणि पालकांना साहजिकच ती नकोशी वाटते. एमआर अँजिओत दिसले, मग पुन्हा हे कशाला, असे वडिलांनी विचारले. कारण असे की, शल्यचिकित्सकाला केवळ बंद पडलेली धमनी पाहून चालत नाही. टाळूच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या कोणत्या वाहिन्या आधीच मेंदूला मदत करू लागल्या आहेत, हेही त्याला माहीत असावे लागते, नाहीतर कवटी उघडताना नेमकी तीच मदत कापली जाते. सुझुकींच्या सहा टप्प्यांच्या मोजपट्टीवर डावी बाजू तिसऱ्या टप्प्यावर होती, उजवी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये.

शेवटची तपासणी होती साठ्याची, म्हणजे गरज पडली तर मेंदूचा रक्तप्रवाह किती वाढू शकतो याची. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध दिले की निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तप्रवाह वाढतो. ज्या भागातील वाहिन्या आधीच पूर्ण रुंदावून बसल्या आहेत, तिथे आणखी वाढीला जागाच उरलेली नसते, उलट शेजारचा भाग त्यांच्या वाट्याचे रक्त ओढून घेतो. मेंदूतील रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्पेक्ट स्कॅनमध्ये औषधापूर्वी आणि औषधानंतर अशी दोन चित्रे घेतली, तेव्हा डाव्या बाजूचा प्रवाह औषधानंतर घटला होता. ज्या भागात डिफ्यूजनने काहीच इजा दाखवली नव्हती, तो भागही या चित्रात काठावर उभा होता. शस्त्रक्रियेचा निर्णय या चित्राने झाला.

दोन वाटा, एक मुलगी

ताज्या पक्षाघातानंतर लगेच शस्त्रक्रिया केल्यास धोका वाढतो, म्हणून आम्ही सहा आठवडे थांबलो. या काळात अ‍ॅस्पिरिन सुरू होती, आकडीचे औषध हळूहळू काढून घेतले, आणि पाणी भरपूर पिणे व रडू न देणे या दोन सूचना घरच्यांनी इतक्या काटेकोरपणे पाळल्या की आजीने तिच्या हातात फुंकणी दिसताच ती काढून घेण्याची सवय साऱ्या घराला लावली.

अरुंद झालेली धमनी या आजारात पुन्हा उघडता येत नाही आणि ती अरुंद होणे थांबवणारे औषधही नाही. त्यामुळे रक्त दुसऱ्या वाटेने आणावे लागते, आणि ती वाट टाळूतून येते. कानापुढून वर जाणारी कानशिलाची धमनी सोडवून तिचे टोक मेंदूच्या पृष्ठभागावरील एखाद्या शाखेला थेट शिवायचे, ही एक पद्धत. असा पहिला जोड १९६७ साली झुरिकमध्ये गाझी याशारगिल यांनी घातला होता. दुसऱ्या पद्धतीत शिवण नसते : तीच धमनी किंवा कानशिलाचा स्नायू मेंदूवर पसरून ठेवला जातो आणि भुकेला मेंदू पुढच्या काही महिन्यांत त्यातून स्वतःच वाहिन्या ओढून घेतो. यातली धमनी पसरून ठेवण्याची पद्धत १९८०च्या आसपास तोक्योतील योशिहारू मात्सुशिमा यांनी मांडली. थेट जोडाने रक्त त्याच दिवशी मिळते, पण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक वाहिन्यांना केसापेक्षा पातळ धाग्याने टाके घालावे लागतात. अप्रत्यक्ष पद्धत मुलांमध्ये फार चांगली रुजते, मात्र तिला तीन ते सहा महिने लागतात.

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या १,३७७ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात, धमन्यांत चरबी साचून होणाऱ्या पक्षाघातासाठी थेट जोडाचा फायदा दिसला नव्हता आणि त्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर मागे पडली. मोयामोयात मात्र ती टिकून राहिली. इथे रुग्ण तरुण असतो, बाकीच्या धमन्या निरोगी असतात आणि कमतरता फक्त रक्त पोहोचण्याची असते. हे वेगळेपण पालकांना समजावणे आवश्यक असते, कारण ‘बायपासचा उपयोग नसतो’ असे त्यांना कोणीतरी सांगितलेलेच असते.

आमच्या मुलीच्या डाव्या बाजूला दोन्ही पद्धती एकत्र वापरायचे ठरले, उजवी बाजू काही महिन्यांनी फक्त अप्रत्यक्ष पद्धतीने करायची होती. भूलतज्ज्ञांचे काम इथे शल्यचिकित्सकाइतकेच जोखमीचे असते. रक्तदाब जराही पडू द्यायचा नाही, श्वासयंत्राने श्वास जास्त द्यायचा नाही, शरीरातील पाणी कमी पडू द्यायचे नाही. शस्त्रक्रिया सुमारे सहा तास चालली. जोडातून रक्त सुरू केल्यावर रंगद्रव्य सोडून पाहिले, तेव्हा टाळूचे रक्त मेंदूच्या शाखेत दोन्ही दिशांना जात होते. मुलगी सायंकाळी शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितले. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये डिफ्यूजन स्वच्छ होते, जोड उघडा होता.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी दुपारी आई धावत आली. मुलगी तिच्याकडे पाहत होती, ‘आई’ म्हणत होती, पण त्यापुढचा एकही शब्द निघत नव्हता. उजव्या बोटांना मुंग्या येत होत्या. वरचा रक्तदाब १२८ होता. शस्त्रक्रियेपूर्वी तो सहसा १०० ते १०५च्या घरात असायचा, पण प्रवाह टिकावा म्हणून आम्हीच तो काहीसा वर ठेवला होता.

या क्षणी दोन शक्यता समोर होत्या आणि त्यांचे उपचार परस्परविरोधी होते. जोडात गुठळी होऊन रक्त बंद झाले असेल, तर द्रव वाढवायचे आणि रक्तदाब चढवायचा. उलट, वर्षानुवर्षे कमी रक्तावर जगलेल्या आणि वाहिन्या आकसण्याची क्षमता गमावलेल्या भागात एकाएकी जास्त रक्त शिरले असेल, तर रक्तदाब उतरवायचा, नाहीतर सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. हा अतिप्रवाह थेट जोडानंतर मुख्यतः प्रौढांमध्ये दिसतो, मुलांमध्ये कमी, आणि साधारण पहिल्या आठवड्यात. पलंगापाशी उभे राहून दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात : बोलणे अडते, हात बधिर होतो, लक्षणे येतात-जातात. विभागातील आमच्यापैकी दोघे गुठळीच्या बाजूने होते आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण मुलांमध्ये तीच गोष्ट जास्त घडते.

अर्ध्या तासात एमआरआय झाला. डिफ्यूजनमध्ये काहीच नव्हते, म्हणजे पेशी मरत नव्हत्या. एमआर अँजिओत कानशिलाची धमनी पूर्वीपेक्षा जाड आणि तेजस्वी दिसत होती आणि तिच्या पुढच्या शाखा दूरवर भरलेल्या होत्या. रक्तस्रावासाठी घेतलेले चित्र कोरे होते. फ्लेअरमध्ये मात्र डाव्या बाजूच्या घड्या शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षाही जास्त पांढऱ्या झाल्या होत्या, आणि सगळ्यांची नजर तिथेच खिळली. एरवी फ्लेअरमधील या पांढऱ्या वेली म्हणजे मंद प्रवाह, अपुरे रक्त. एकट्या त्या चित्रावर विसंबलो असतो, तर जोड निकामी झाला असाच अर्थ निघाला असता आणि आम्ही रक्तदाब आणखी चढवला असता.

एएसएल या तंत्राने गोंधळ सुटला. त्यात बाहेरून कोणतेही रंगद्रव्य न देता मानेतून वर जाणाऱ्या रक्तालाच चुंबकीय खूण केली जाते आणि ठरावीक वेळाने ते मेंदूत कुठे पोहोचले, हे पाहिले जाते. मोयामोयात या तंत्राचीही एक खोच आहे : रक्त आडवाटेने उशिरा पोहोचत असेल आणि चित्र लवकर घेतले असेल, तर पोहोचणारे रक्तही ‘नाही’ असे दिसते. म्हणून आमच्या रेडिओलॉजिस्टने शस्त्रक्रियेपूर्वी आणि आताही, दोन्ही वेळा मुद्दाम लांबवलेल्या वेळेचीच चित्रे घेतली होती, आणि त्या दूरदृष्टीमुळे दोन्हींची तुलना करता आली. जोडाभोवती बोलण्याच्या भागात प्रवाह स्पष्टपणे वाढलेला होता. डिफ्यूजन स्वच्छ, धमनी रुंद, प्रवाह जास्त : मग त्या पांढऱ्या घड्यांचा अर्थही उलटा लागतो. मंद रक्ताऐवजी तिथे भारामुळे ताणलेल्या, किंचित झिरपणाऱ्या वाहिन्या होत्या. ईईजीत आकडीची कोणतीही खूण नव्हती.

तरीही रक्तदाब मनमानी उतरवता येत नव्हता, कारण उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेली नव्हती आणि तो अर्धा मेंदू अजून त्याच जुन्या तुटपुंज्या रक्तावर जगत होता. डावीकडे रक्त जास्त होते, उजवीकडे कमी, आणि दोघांसाठी रक्तदाब एकच. शेवटी १०० ते ११० ही अरुंद मर्यादा ठरवली, तीही चार तासांत हळूहळू गाठायची होती. द्रव चालूच ठेवले, ऑक्सिजन सुरू ठेवला, आणि आईला चोवीस तास पलंगाशी बसू दिले. ही शेवटची गोष्ट मायेपोटी होतीच, पण तिच्यामागे वैद्यकीय कारणही होते. मूल रडले की कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि उजवी बाजू धोक्यात येते, आईच्या हातात हात असला की मूल रडत नाही.

पाचव्या दिवशी ती दोन शब्दांची वाक्ये बोलली, सहाव्या दिवशी पुन्हा अडली, आणि दहाव्या दिवशी तिने परिचारिकेला आपल्या शेळीचे नाव सांगितले. बाराव्या दिवशीच्या चित्रात तो वाढलेला प्रवाह ओसरला होता. मेंदूला कुठेही नवी इजा झालेली नव्हती.

चार महिन्यांनी उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली. ती तुलनेने शांतपणे पार पडली. दुसऱ्या दिवशी मलमपट्टी बदलताना ती रडली आणि डावा पाय काही मिनिटे जड झाला, तेवढेच. डिफ्यूजन स्वच्छ निघाले. जखमेच्या कडेला टाळूची त्वचा थोडी काळवंडली होती, कारण तिच्या वाट्याची धमनी आपण काढून घेतलेली असते. तीही तीन आठवड्यांत भरून आली.

बिघडलेले चित्र, सुधारलेली मुलगी

पहिल्या शस्त्रक्रियेला वर्ष होत आले, तेव्हा कुटुंबाने जवळच्या शहरात एमआर अँजिओ करून घेतला. त्या अहवालात, दोन्ही आतल्या कॅरोटिड धमन्यांचा अरुंदपणा पूर्वीपेक्षा वाढला असून आजार बळावत आहे, असे लिहिलेले होते. वडिलांनी रात्री फोन केला. ‘‘मॅडम, दोन्ही ऑपरेशनं वाया गेली का?’’ एवढेच ते विचारू शकले.

अहवालातील एकही वाक्य खोटे नव्हते. आतली धमनी खरोखर आणखी बंद झाली होती. मोयामोयात ती बंद होतच जाते, आणि सुझुकींची मोजपट्टीही तेच सांगते : सहाव्या टप्प्यावर तळाचा धूर विरून जातो आणि मेंदू जवळजवळ पूर्णपणे बाहेरच्या कॅरोटिडच्या, म्हणजे चेहरा व टाळूकडे जाणाऱ्या धमनीच्या रक्तावर जगतो. शस्त्रक्रियेने हाच प्रवास सुरक्षितपणे घडवून आणलेला असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर आतल्या धमनीचा अरुंदपणा मोजून यशापयश ठरवता येत नाही. पाहायचे असते ते बाहेरून आलेल्या वाहिन्यांकडे आणि मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रक्ताकडे. तपासणी मागवताना शस्त्रक्रियेचा तपशील कागदावर नसेल, तर अहवाल लिहिणाऱ्याला हे कळणार कसे? ती चिठ्ठी नीट लिहून न देण्याची चूक आमच्या विभागाची होती. तेव्हापासून प्रत्येक मोयामोया रुग्णाच्या फायलीत शस्त्रक्रियेचे एक पानी वर्णन मराठीत आणि इंग्रजीत ठेवतो.

नंतर झालेल्या अँजिओग्राफीत बाहेरच्या कॅरोटिडमध्ये रंगद्रव्य सोडले, तेव्हा डाव्या बाजूला मधल्या धमनीच्या क्षेत्राचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग टाळूच्या वाहिन्यांतून भरला. मात्सुशिमांच्या श्रेणीत हा सर्वोत्तम ‘अ’ गट. उजवी बाजू मधल्या गटात होती. तळाचे धुराचे जाळे विरळ झाले होते, फ्लेअरमधील पांढऱ्या वेली जवळपास गेल्या होत्या, आणि स्पेक्टमध्ये औषधानंतर डाव्या बाजूचा प्रवाह घटण्याऐवजी वाढत होता.

वडिलांनी मात्र फिल्म खिडकीशी धरून एका जागी बोट ठेवले. डाव्या बाजूचा पहिल्या पक्षाघाताचा डाग तसाच होता, उलट आता त्याच्या कडा अधिक ठळक झाल्या होत्या. तो तसाच राहणार, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. मेलेल्या पेशी नव्या रक्ताने उठत नाहीत. वाचलेला मेंदू त्यांचे काम वाटून घेतो आणि ते काम कोणत्याही नेहमीच्या चित्रात दिसत नाही, ते हातात दिसते.

हाताचा इतिहास असा आहे. सुरुवातीला खांदा व कोपर हलत होते, बोटे मिटत होती पण उघडत नव्हती. फिजिओथेरपीत रोज दोन तास तिच्या चांगल्या, डाव्या हाताला जाड मोजा घालून ठेवायचो, म्हणजे उजव्याला काम करावेच लागे. पहिल्या आठवड्यात ती या प्रकाराने चिडली आणि तिचे रडणे धोकादायक असल्याने वेळ अर्ध्या तासावर आणावी लागली. मग आजीने उपाय काढला : ताटात ज्वारी आणि हरभरे मिसळून द्यायचे आणि निवडायला सांगायचे. तिसऱ्या महिन्यात तर्जनी व अंगठ्याची चिमूट जमली, सातव्या महिन्यात ती वेणीची रिबीन ओढून सोडू लागली, पण बांधता येत नव्हती. लिहिणे तिने उजव्याच हाताने पुन्हा शिकले. अक्षर मोठे आणि संथ आहे.

बोलणे पूर्ण परतले. जे कमी परतले, ते घरच्यांच्या लक्षात उशिरा आले, कारण चालती-बोलती मुलगी ‘बरी’ वाटते. शाळेत ती गणिताचे उदाहरण अर्ध्यावर सोडते, दोन सूचना एकत्र दिल्या तर दुसरी विसरते, आणि संध्याकाळपर्यंत तिचे डोके थकून जाते. मेंदूच्या पुढच्या भागाला दीर्घकाळ रक्त कमी पडल्याचा हा परिणाम असू शकतो आणि डिफ्यूजनमधील डागाच्या आकारावरून त्याचा अंदाज येत नाही. मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीत आकलन वयानुसार आढळले, वेग व लक्ष मागे होते. तिच्या वर्गशिक्षिकांनी चाचणीतील एकच निष्कर्ष उचलला, पण नेमका उचलला : तिला एका वेळी एकच प्रश्न द्यायचा आणि वेळ जास्त द्यायचा. सहामाहीत ती उत्तीर्ण झाली.

अ‍ॅस्पिरिन सुरू आहे. कांजिण्या किंवा फ्ल्यूमध्ये ही गोळी मुलांना धोक्याची ठरू शकते, म्हणून कांजिण्यांची लस दिलेली आहे, आणि फ्ल्यूसारखा ताप आला तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे आधी फोनवर विचारायचे, अशी सक्त सूचना आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाण्याची बाटली दप्तराच्या आधी भरली जाते. शाळेच्या योगवर्गात कपालभाती आणि भस्त्रिका तिने करायची नाही, असे पत्र मुख्याध्यापकांना दिले आहे, बाकी आसने ती करते. धाकट्या भावाचा एमआर अँजिओ करून घेतला, तो निरोगी निघाला.

पुढचा एमआरआय जूनमध्ये आहे. मागच्या भेटीत तिला नवा चष्मा लागला होता आणि त्याची काडी कानशिलावर घट्ट बसत होती. त्याच ठिकाणाहून आता तिच्या मेंदूचे रक्त वर जाते, म्हणून ती सैल करून आणायला सांगितले. आईने ते आधीच ओळखले होते. रोज सकाळी वेणी घालताना ती कानापुढे बोट ठेवते, नाडी लागली की मगच केसांचे तीन पेड करते, आणि त्या बाजूची वेणी सैल घालते.